मृत्यूच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांसाठीचा आधारगट : आठ सत्रांनंतरचा अभिप्राय

उपशामक सेवेच्या, म्हणजे गंभीर आजारातल्या माणसाच्या वेदना आणि त्रास कमी ठेवणाऱ्या सेवेच्या विभागात परिचारिका म्हणून काम करताना मला अकरा वर्षे झाली. या काळात मृत्यूची वेळ टिपणे, नळ्या काढणे, डोळे मिटवणे, अंग पुसून चादर सारखी करणे आणि दाराबाहेर थांबलेल्या माणसांना आत बोलावणे ही कामे मी किती वेळा केली हे कधी मोजले नाही, आणि मोजावेसे वाटलेही नाही. मग एके दिवशी एका मुलाने एक साधा प्रश्न विचारला. त्याची आई पहाटे गेली होती आणि तो पोहोचला तेव्हा आमचा हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला देणे, चालू होता. "सिस्टर, आई शेवटी काही बोलली का?" असे त्याने विचारले. मी म्हणाले, "नाही, पण अगदी शांतपणे गेल्या. त्रास झाला नाही त्यांना." तो मान हलवून आत गेला. मी औषधांच्या ट्रॉलीपाशी परतले तेव्हा माझ्या लक्षात आले, की शेवटची वीस मिनिटे मी त्या खोलीत नव्हतेच. शेजारच्या खोलीतल्या सिरिंज पंपाचा, म्हणजे औषध थोडे थोडे शरीरात सोडणाऱ्या यंत्राचा, अलार्म वाजू लागला म्हणून तिकडे गेले होते. खोटे बोलल्याची टोचणी होतीच, पण ते वाक्य इतक्या सराईतपणे तोंडून गेले होते की त्याची मला भीती वाटली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी या आधारगटात नाव घातले. ज्यांचे रोजचे काम मृत्यू आणि शोक यांच्याशी बांधलेले आहे अशांसाठी एक स्वयंसेवी संस्था ही सेवा चालवते. गट छोटा असतो आणि त्यातील माणसे सहज ओळखू येऊ शकतात, म्हणून संस्थेचे नाव मी येथे देत नाही. सहभागींचे तपशीलही आवश्यक तेवढेच देते आणि जे प्रसंग सांगते ते संबंधितांची परवानगी घेऊनच.

सेवेचे स्वरूप असे : आठ आठवडे, दर आठवड्याला दीड तासाचे एक सत्र, बारा सहभागी आणि दोन मार्गदर्शक, ज्यांपैकी एक मानसशास्त्रज्ञ असून दुसऱ्या बाईंनी हॉस्पिसमध्ये (आयुष्याच्या अखेरीस असलेल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या केंद्रात) अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केलेले आहे. आमच्या तुकडीत पाच परिचारिका, दोन डॉक्टर, एक समाजसेविका, शोकग्रस्तांसाठीच्या दूरध्वनी मदतवाहिनीवर काम करणारे दोघे, अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या सेवेतील एक गृहस्थ आणि शवागारात काम करणारा एक तरुण होता. ही सरमिसळ मला सुरुवातीला खटकली, कारण मरणासन्न माणसाशी बोलणे आणि मृतदेह हाताळणे यांचा ताण एकाच मापाने कसा मोजणार, असे मला वाटत होते. पुढे याच सरमिसळीने गटाला सर्वाधिक दिले, हे आधीच नोंदवून ठेवते.

गटाची पद्धत नवीन नाही, आणि मार्गदर्शकांनी तसा आवही आणला नाही. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी 1950 च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे गट चालवले. त्यांत एक डॉक्टर आपल्या एका रुग्णाची हकिकत सांगे आणि बाकीचे उपचारांची चर्चा न करता त्या दोघांमध्ये काय घडले याचा विचार करीत. पुढे अमेरिकेत केनेथ श्वार्ट्झ नावाच्या वकिलाच्या नावाने आणखी एक परंपरा सुरू झाली. 1995 साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या या माणसाने आजारपणात लिहून ठेवले होते, की काळजी घेणाऱ्यांच्या लहानसहान मायेच्या कृतींनी असह्य गोष्ट सह्य झाली. त्याच्या नावाच्या बैठकांत रुग्णालयातले सर्व थरांतले कर्मचारी एकत्र बसून आपल्या कामाने आपल्यावर काय परिणाम केला एवढेच बोलतात आणि कोणीही कोणाची अडचण सोडवायला जात नाही. आमच्या गटातही हाच नियम होता. सल्ला द्यायला निघालेल्या माणसाला मार्गदर्शक हात वर करून थांबवत, आणि आमच्या व्यवसायात सल्ला देण्याची खोड किती खोल गेलेली आहे हे त्या वर झालेल्या हातांच्या संख्येवरून कळत असे. माझ्यासाठी तो हात पहिल्याच दिवशी तीन वेळा वर झाला.

पहिल्या सत्राबद्दल मात्र माझे मत फारसे चांगले नाही. ओळखी होण्याच्या आत आमच्या हातात प्रश्नावली देण्यात आली. बेथ हडनॉल स्टॅम यांनी तयार केलेली ही प्रश्नावली गेल्या तीस दिवसांतील अनुभवांवर आधारलेली असून तिच्यात 30 विधाने असतात, आणि त्यांतून करुणेतून मिळणारे समाधान, बर्नआउट (कामाने हळूहळू येणारे रितेपण) आणि दुय्यम आघाताचा ताण (दुसऱ्याच्या आघाताचा आपल्यावर होणारा परिणाम) असे तीन वेगवेगळे गुणांक निघतात. प्रश्नावली चांगली आहे. विशेषतः समाधानाचा गुणांक ताणाच्या गुणांकांपासून वेगळा ठेवला आहे ही तिची शहाणी बाजू आहे. माझे समाधान बरेच वर आले आणि दुय्यम ताणही तितकाच वर आला, आणि या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच महिन्यात नांदू शकतात हे आकड्यांत पाहून मला हायसे वाटले. मात्र ही चाचणी निदानासाठी नसते हे सांगायला मार्गदर्शक विसरले. त्यामुळे मदतवाहिनीवरील तरुणीने आपला आकडा डॉक्टरांच्या अहवालासारखा वाचला आणि पुढचे अख्खे सत्र ती गप्प राहिली. हाच कागद चौथ्या आठवड्यात दिला असता तर अधिक उपयोग झाला असता.

दुसऱ्या सत्रात शब्दांची वर्गवारी झाली. ती कोरडी होती, पण तिची गरज होती, कारण आम्ही सगळेच आपल्या अवस्थेला सरसकट 'थकवा' म्हणत होतो. बर्नआउट हा हळूहळू येणारा क्षय आहे : मन रिते होणे, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखे पाहू लागणे आणि आपल्या हातून काही चांगले होते यावरचा विश्वास उडणे, अशी त्याची तीन अंगे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981 साली मांडलेल्या मोजपट्टीत आहेत. दुय्यम आघात वेगळा. दुसऱ्याची भयंकर हकिकत ऐकून किंवा तिचा परिणाम डोळ्यांनी पाहून ती चित्रे आपल्या झोपेत शिरतात, आणि हे हळूहळू न होता एका रात्रीतही होऊ शकते. चार्ल्स फिग्ली यांनी 1995 साली याच्याशी जोडून 'करुणेचा थकवा' ही संकल्पना विस्ताराने मांडली, जरी परिचारिकांच्या संदर्भात तो शब्द त्याआधी तीन वर्षे कार्ला जॉइन्सन यांनी वापरला होता. तिसरी गोष्ट नैतिक यातनेची. योग्य काय ते ठाऊक आहे, पण व्यवस्था ते करू देत नाही, या कोंडीला अँड्र्यू जेमेटन यांनी 1984 साली हे नाव दिले. बरे होण्याची शक्यता नाही हे माहीत असूनही कोणाच्या तरी आग्रहाखातर वेदनादायक उपचार चालू ठेवणारे हात ज्यांचे असतात, त्यांना ही व्याख्या समजावून सांगावी लागत नाही.

येथे माझी पहिली खरी तक्रार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली बर्नआउटची जी व्याख्या केली, तिच्यात त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी व्यावसायिक घटना असे म्हटले आहे. म्हणजे दोष माणसाच्या मनोबलात शोधण्याआधी कामाची जागा तपासावी, असा तिचा रोख आहे. मार्गदर्शकांनी हा मुद्दा अर्ध्या मिनिटात उरकला आणि ते 'स्वतःची काळजी' या विषयाकडे वळले. ज्या विभागात एका पाळीत तीन मृत्यू होतात आणि प्रत्येक वेळी खाट पुसून कोरडी होण्याच्या आत पुढचा रुग्ण येतो, तिथल्या परिचारिकेला पुरेशी झोप घ्या असे सांगणे हा सौम्य शब्दांतला उपहासच आहे.

तिसऱ्या सत्रासाठी मात्र ही सेवा घ्यावी. त्या दिवशी आम्हाला एक छोटा कागद देऊन सांगण्यात आले, की शोकाकुल माणसाला किंवा मरणाऱ्या माणसाला तुम्ही सर्वांत जास्त वेळा कोणते वाक्य म्हणता ते लिहा, नाव न घालता घडी करून मधल्या टेबलावर ठेवा. चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या गेल्या तेव्हा खोलीत आधी हसू आले आणि मग ते थांबले, कारण बारापैकी सात चिठ्ठ्यांमध्ये थोड्याफार फरकाने एकच वाक्य होते : शांतपणे गेले, त्रास झाला नाही. एका डॉक्टरांनी 'आपण सगळे प्रयत्न केले' असे लिहिले होते. मदतवाहिनीवरच्या दोघांनी 'मी ऐकतो आहे' आणि 'मी ऐकते आहे' असे लिहिले होते आणि त्यांपैकी एकाने खाली कंसात भर घातली होती, की हे म्हणताना बहुतेक वेळा मी पुढच्या कॉलची नोंद उघडत असतो. एका चिठ्ठीवर फक्त 'सावकाश' असा एकच शब्द होता.

ती चिठ्ठी शवागारातल्या तरुणाची होती. कोणीही विचारले नसताना त्याने स्वतःहून सांगितले, की मृतदेह एका ट्रेवरून दुसऱ्या ट्रेवर घेताना तो प्रत्येक वेळी 'सावकाश' म्हणतो आणि ते सोबतच्या सहकाऱ्याला उद्देशून नसते. सुरुवातीला सहकारी हसत असत, म्हणून तो मनात म्हणू लागला. मग एकदा मनात म्हणायचे विसरला आणि त्या रात्री त्याला घरी जावेसे वाटेना. हे सांगताना त्याचे दोन्ही तळहात वर वळलेले होते, जणू त्यांच्यावर अजून वजन होते. आमच्यापैकी पाचही परिचारिकांनी मग कबूल केले, की मृताचे अंग पुसताना आम्हीही त्याच्याशी बोलतो, आता कूस बदलते हं, पाणी कोमट आहे, असे काहीबाही सांगतो, आणि कोणी खोलीत आले की गप्प होतो. अकरा वर्षांत ही गोष्ट मी प्रथमच दुसऱ्या परिचारिकेच्या तोंडून ऐकली.

त्यानंतर माझी पाळी आली आणि मी त्या मुलाची हकिकत सांगितली. मला वाटले होते, की लोक माझे सांत्वन करतील. नियमाप्रमाणे कोणी केले नाही. समाजसेविकेने एवढेच विचारले, "ते वाक्य तू नक्की कोणासाठी म्हणालीस?" मला उत्तर देता आले नाही आणि द्यावेही लागले नाही, सत्राची वेळ संपली होती. त्या आठवड्यात प्रत्येक मृत्यूनंतर मी तो प्रश्न स्वतःला विचारत राहिले. तयार वाक्ये वाईट नसतात. पहाटे चार वाजता कोणी नवीन भाषा घडवू शकत नाही आणि ज्याचे माणूस गेले आहे त्यालाही त्या क्षणी आमच्याकडून प्रतिभेची अपेक्षा नसते. पण तेच वाक्य आपल्याला त्या खोलीतून लवकर बाहेर काढण्याचे साधन झाले, की त्याचा भार ऐकणाऱ्यावर पडत नाही, बोलणाऱ्यावर साचत जातो.

या साचण्याला नाव मिळाले ते पुढच्या आठवड्यात. केनेथ डोका यांनी 1989 साली ज्या शोकाला समाज मान्यता देत नाही, ज्याचे उघड प्रदर्शन करता येत नाही आणि ज्याला आधार मिळत नाही अशा शोकाची संकल्पना मांडली. मराठीत त्याला हक्क नसलेला शोक म्हणता येईल. रुग्णाच्या पत्नीला रडण्याचा हक्क आहे, मुलांना आहे, शेजाऱ्यांनाही आहे. पण ज्या परिचारिकेने सलग सहा आठवडे त्याच्या ओठांना ओला बोळा लावला तिने रडावे तर ते अव्यावसायिक ठरते, आणि रडू नये तर तिला काळीज नाही असे म्हणतात. शिवाय आपला शोक खराच आहे का, अशी शंका स्वतःलाच येते, कारण तो आपल्या कोणाच्या जाण्याचा नसतो. अंत्यविधीच्या व्यवसायातील गृहस्थ यावर म्हणाले, "लहान मुलाचं काम आलं की मी घरी काही सांगत नाही. पण त्या दिवशी माझ्या मुलीला मी दोनदा हाक मारतो आणि ती विचारते, बाबा काय काम होतं?" त्यांनी हे कोणतीही नाट्यमयता न आणता, हिशेब सांगावा तसे सांगितले.

त्याच सत्रातील एक चूक दाखवायलाच हवी. भिंतीवर शोकाच्या पाच टप्प्यांचा (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) तक्ता लावलेला होता आणि आपण कोणत्या टप्प्यावर आहोत ते ओळखा असे आम्हाला सांगण्यात आले. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी 1969 साली हे टप्पे मांडले ते स्वतः मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी झालेल्या संवादांतून. मागे राहिलेल्यांच्या शोकाला ते पुढे लावले गेले, आणि कर्मचाऱ्यांना लावणे तर आणखी एक पाऊल पुढचे झाले. एका डॉक्टरांनी हा आक्षेप घेतला तेव्हा मार्गदर्शक बाईंनी तो तत्काळ मान्य केला आणि पुढच्या आठवड्यात तक्ता काढलेला होता. त्याच्या जागी त्यांनी मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांची 1999 सालची मांडणी समजावून सांगितली. शोकातला माणूस कधी दुःखाकडे तोंड करतो, कधी रोजच्या व्यवहाराकडे, आणि या दोहोंमध्ये हेलकावत राहणे हेच निरोगीपणाचे लक्षण आहे, असा तिचा आशय आहे. ही मांडणी मुळात जोडीदार गमावलेल्यांवरून झाली असली तरी आमच्या कामाला ती चपखल बसते. आमची अडचण अशी, की आमच्या पाळीत हेलकाव्याची एकच बाजू शिल्लक ठेवलेली असते : पुढचे इंजेक्शन, पुढचा फॉर्म, पुढचा रुग्ण. दुसऱ्या बाजूला झुकायला जागा नसते, म्हणून ती बाजू सुट्टीच्या दिवशी, भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, अवेळी येऊन बसते.

श्वसनाच्या व्यायामांच्या सत्राबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. रात्रपाळी करून आलेले तिघे त्यात गाढ झोपी गेले आणि मार्गदर्शकांनी त्यांना उठवले नाही. माझ्या मते त्या सत्राचा याहून चांगला उपयोग शक्य नव्हता.

त्याच दिवशी उरलेल्या वेळात मात्र एक मोलाचा मुद्दा आला. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी प्रयोगांच्या आधारे असे दाखवले आहे, की दुसऱ्याचे दुःख आपल्याच अंगात भोगणे आणि दुसऱ्याचे भले व्हावे अशी ऊब मनात बाळगणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत; पहिलीच्या सरावाने माणूस अधिक व्यथित होतो, दुसरीच्या सरावाने सावरतो. म्हणून 'करुणेचा थकवा' या शब्दाबद्दलच त्यांचा आक्षेप आहे, कारण थकवते ती करुणा नव्हे, सहवेदनेतली होरपळ. मला हे पटले, पण एका अटीवर. ऊब बाळगायलाही थोडी फुरसत लागते, आणि धावपळीत माणसाकडे सहवेदनाही उरत नाही, उरते ती केवळ सराईत हालचाल.

विनोदाचे सत्र वेगळेच निघाले. आमच्या कामात जो काळा विनोद चालतो तो बाहेर सांगण्यासारखा नसतो आणि मीही येथे सांगणार नाही. तो बेपर्वाई आहे की बचाव, यावर गटात चांगलीच जुंपली. मार्गदर्शकांनी इझाबेल मेन्झिस यांनी लंडनच्या एका रुग्णालयातील परिचारिकांचा केलेला आणि 1960 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास समोर ठेवला. त्यात त्यांनी म्हटले होते, की रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा रोगट अवयवाने ओळखणे, कामाचे तुकडे पाडून एकेका परिचारिकेला अनेक रुग्णांचे एकेकच काम देणे, निर्णय सतत वर ढकलणे, या सगळ्या सवयी संस्थेने भीतीपासून वाचण्यासाठी घडवलेल्या भिंती असतात, आणि त्या भिंतींनी भीती कमी होत नाही, कामातले समाधान मात्र जाते. हे ऐकून आमच्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या, कारण त्याच सकाळी आमच्यापैकी कोणीतरी हँडओव्हरमध्ये 'चार नंबर एक्स्पायर' असे म्हटलेच होते. समाजसेविकेने शेवटी केलेला भेद मला उपयोगी वाटतो : आपण मृत्यूवर हसतो की मेलेल्या माणसावर, एवढे तपासावे.

सातव्या सत्रात एक साधी रीत शिकवली गेली. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील जोनाथन बार्टल्स या परिचारकाने ती सुरू केली. मृत्यू घोषित झाल्यावर खोलीतल्या सर्वांनी एक मिनिट स्तब्ध उभे राहायचे. आधी कोणीतरी दोन वाक्यांत म्हणायचे, की हा कोणाचा तरी जिवलग होता आणि आपण त्याच्यासाठी झटलो. मी ती आमच्या विभागात करून पाहिली. पहिल्या वेळी विसाव्या सेकंदाला फोन वाजला आणि कनिष्ठ डॉक्टर घड्याळाकडे पाहत राहिले. दुसऱ्या वेळी आम्ही दोघीच होतो. तिसऱ्या वेळी त्याच कनिष्ठ डॉक्टरांनी दारातून आत येत विचारले, "आपण ते मिनिट घेणार आहोत ना?" मिनिटाने माझा थकवा गेला असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी हँडओव्हर देताना मी त्या रुग्णाचा उल्लेख नावाने केला, हे माझ्या लक्षात आले.

शेवटचे सत्र सपशेल फसले. त्यात सहभागींच्या वरिष्ठांना बोलावून कामाच्या ठिकाणी काय बदलता येईल यावर चर्चा व्हायची होती. बारापैकी चार जणांचे वरिष्ठ आले आणि त्यांतले एक वीस मिनिटांत उठून गेले. उरलेल्यांपैकी एकांनी कर्मचाऱ्यांची मानसिक लवचीकता कशी वाढवता येईल यावर प्रश्न विचारले. आमची मागणी अगदी लहान होती : ज्या परिचारिकेच्या रुग्णाचा मृत्यू झाला तिच्याकडे पुढचा तासभर नवीन रुग्ण देऊ नये. ती लेखी मागून घेण्यात आली. संस्थेने हे सत्र शेवटी न ठेवता मध्यावर ठेवावे, म्हणजे पाठपुराव्याला चार आठवडे हाताशी राहतील.

व्यवस्थेतील आणखी काही उणिवा आहेत. सगळी सत्रे संध्याकाळी असल्याने दुपारपाळीवाल्यांना रजा टाकावी लागते. एकाच विभागातील मुख्य परिचारिका आणि तिच्या हाताखाली शिकणारी मुलगी यांना एकाच गटात बसवले गेले, आणि ती मुलगी आठ आठवड्यांत मोजून दोनदा बोलली. एक सत्र पावसामुळे ऑनलाइन घेतले. ते न घेतलेले बरे, कारण अशा गटात गप्प बसलेल्या माणसाचे गप्प बसणे दिसावे लागते आणि पडद्यावर ते नेटवर्क गेल्यासारखे भासते. एका सहभागीला गटापेक्षा वैयक्तिक उपचारांची अधिक गरज आहे हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात दिसत होते, पण मार्गदर्शकांनी तशी शिफारस पाचव्या आठवड्यात केली. ही उणीव मी सर्वांत गंभीर मानते.

एका बाबतीत मात्र संस्थेचे कौतुक करायला हवे. आमच्यापैकी एका डॉक्टरांच्या रुग्णालयाने एका मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एकाच बैठकीत सक्तीचे समुपदेशन घ्या अशी विनंती या संस्थेकडे केली होती आणि ती तिने नाकारली. आघातानंतर एकदाच घेतलेल्या अशा बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळतो याला पुरावा नाही आणि ती सक्तीने घेऊ नये, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन समूहाच्या 2002 सालच्या आढाव्यात निघाला होता. काम मिळत असताना ते नाकारणारी सेवा क्वचितच पाहायला मिळते.

गट संपून दीड महिना झाल्यावर एका वृद्ध गृहस्थांची मुलगी मला भेटली आणि तिने त्या मुलाचाच प्रश्न विचारला : बाबा शेवटी काही बोलले का? या वेळी मी तिला सांगितले, की शेवटच्या क्षणी मी खोलीत नव्हते, पण त्याआधी दहा मिनिटे मी त्यांची उशी बदलली, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटाला धरले होते आणि त्यांची पकड घट्ट होती. ती म्हणाली, "बाबांचा हात तसाच होता, सोडायचे नाहीत." मग बराच वेळ ती मला त्या हाताबद्दल सांगत राहिली, आणि ट्रॉली तशीच उभी राहिली. मला त्या दिवशी पाळी संपायला उशीर झाला आणि घरी गेल्यावर रडूही आले. पूर्वी येत नसे.

ज्यांचा स्वतःच्या घरातला मृत्यू अगदी ताजा आहे त्यांनी या गटात लगेच येऊ नये. दोन्ही शोक एकमेकांत मिसळतात आणि गटाला ते पेलत नाही. ज्यांना चार युक्त्या शिकून पुन्हा ताजेतवाने व्हायचे आहे त्यांचीही निराशा होईल. इतरांनी जरूर यावे, पण नाव घालण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : आपल्या विभागातले दुसरे कोणी त्याच तुकडीत आहे का, आणि हजेरीपटाची प्रत आपल्या कार्यालयात जाते का. आमच्या वेळी ती जात होती. आक्षेप घेतल्यावर आता ती थांबवल्याचे संस्थेने कळवले आहे. मासिक पाठपुरावा बैठकीला सध्या बारापैकी पाच जण येतात. तासाभराच्या मागणीचा अर्ज वरिष्ठांकडे आहे आणि दर सोमवारी मी त्याची चौकशी करते.